यंदाच्या उन्हाळ्याचा झाडा

आमच्या कल्याणच्या लायब्ररीत एक जुनी रीत आहे. मृग नक्षत्र लागलं की पहिल्या रविवारी सभासदांनी जमायचं आणि एकेकाने उभं राहून उन्हाळाभर काय वाचलं, त्यातलं काय पटलं आणि काय पटलं नाही ते सांगायचं. याला आम्ही झाडा म्हणतो. यंदा सेक्रेटरींनी नवी टूम काढली आहे. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, तेव्हा सगळ्यांनी लेखी द्यावं, ते कपाटात राहील. त्याप्रमाणे याद्या येऊ लागल्या आहेत. कोणाची चौदा पुस्तकं, कोणाची एकवीस. एका गृहस्थांनी तर आकडा वाढवायला पंचांगही धरलं आहे.

माझ्या यादीत एकच पुस्तक आहे. चारशे पानांची कादंबरी, बऱ्याच वर्षांपूर्वी छापलेली. आता ती कोणी हातात घेत नाही. एका पुस्तकाचा झाडा दोन ओळींत उरकता आला असता. पण या पुस्तकापायी माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली आहे, आणि ज्या माणसाने ही झाड्याची रीत घातली त्याच माणसाच्या बाबतीत ती झाली आहे. म्हणून माझा कागद थोडा लांबेल. सेक्रेटरींनी सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव लिहीत नाही. सगळं गाव त्यांना डिपोटी म्हणे. शाळाखात्यात ते डेप्युटी इन्स्पेक्टर होते. पेन्शन घेऊन कल्याणला येऊन बसले तरी गावाच्या तोंडून ती जागा काही सुटली नाही. उंच, वाळलेले, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके. उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा टाकून ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचे आणि पंचा वाळला की आत हाक मारायचे. नोकरीत असताना ठाण्यापासून मुरबाडपर्यंतच्या मास्तरांना त्यांच्या नावाने घाम फुटत असे. एका गावच्या मास्तराने पट भरलेला दिसावा म्हणून तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातली दहाबारा मुलं आणून बसवली होती. डिपोटींनी ना गणित घातलं, ना कविता म्हणायला लावली. प्रत्येक मुलाला एवढंच विचारलं, "बाळ, तुझी रोजची जागा कुठली?" ज्या मुलांनी उत्तर द्यायच्या आधी मास्तरांकडे पाहिलं ती सगळी वेगळी काढून उभी केली. ही गोष्ट ते फार चवीने सांगत. "खोटं बोलणारा आधी इकडेतिकडे बघतो," म्हणत. "तेवढं बघता आलं की तपासणी झाली."

पुस्तकांच्या बाबतीतही तोच खाक्या. नवं पुस्तक हातात आलं की ते आधी शेवटचं पान उघडत. शेवट वाचायला नव्हे, शुद्धिपत्र बघायला. अमुक पानावर अमुक ओळीत अमुक चूक, तिथे असं वाचावं, अशी यादी तेव्हाच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे असायची आणि कोणी ढुंकूनही बघत नसे. डिपोटी दौत-टाक घेऊन बसत आणि यादीतली एकेक दुरुस्ती त्या त्या पानावर करून मगच पहिलं पान उघडत. "आधी आंघोळ, मग जेवण," म्हणायचे. पुढे वाचताना ती दुरुस्त केलेली जागा आली की तिथे बोट टेकवून हसायचे. आमच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं उघडून पाहिली तर अजून त्यांची जांभळी शाई दिसेल.

त्यांची मतं तुटक असायची. काशीयात्रेच्या एका पुस्तकाबद्दल म्हणाले, "हा काशीला गेलेलाच नाही. चारशे कोस चालला आणि पाय एकदाही दुखले नाहीत याचे." इंग्रजीतून आणलेल्या एका इतिहासाबद्दल, "आणताना वाटेत बरंच सांडलंय." पण गुरांच्या रोगांवरच्या एका लहानशा पुस्तकाची त्यांनी भर सभेत तारीफ केली होती. का, तर "या माणसाने बैल पाहिलेला आहे."

झाड्याला त्यांचा एकच नियम होता. न वाचलेल्या पुस्तकावर जो बोलेल त्याची खुर्ची वर्षभर भिंतीकडे तोंड करून ठेवायची. त्याने लायब्ररीत यावं, वर्तमानपत्र वाचावं, पण वाचावं ते भिंतीकडे तोंड करून. लायब्ररीत तेव्हा सातच खुर्च्या होत्या आणि कुठल्या खुर्चीवर कोण बसतो ते ठरलेलं होतं, त्यामुळे कोणाचं तोंड भिंतीकडे आहे ते गावाला रस्त्यावरूनसुद्धा दिसे. मुन्सफ कोर्टातले एक वकील असेच सापडले. एका इतिहासावर ते पाऊण तास बोलले, अगदी कोर्टात बोलावं तसे. डिपोटींनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, त्यातला नकाशा उलगडताना फाटत नाही ना?"

"छे, कागद चांगला मजबूत आहे," वकील म्हणाले.

त्या पुस्तकात नकाशाच नव्हता. वकिलांनी वर्षभर भिंत पाहिली. हसले ते, पण विसरले नाहीत.

मी ओळखीचा झालो तोवर डिपोटींचे डोळे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळे. ओळ कुठे चाललीय ते दिसत नसे म्हणून त्यांनी एक जाड पुठ्ठा घेऊन त्यात ओळीएवढी फट कापली होती. ती वहीवर ठेवून त्या फटीत लिहीत आणि ओळ झाली की पुठ्ठा बोटभर खाली सरकवीत. पुस्तकांची नोंदवही ते अशीच लिहीत. डोळे असताना तिथे 'वाचलं' असा शेरा असे, गेल्यावर 'ऐकलं' असा. कोणी विचारणार नव्हतं, तरी.

मी कल्याणच्या शाळेत तिसरा मास्तर होतो. लग्न झालेलं, वय सव्वीस, अंगात थोडी रग. ठाण्याच्या शाळेतली पहिल्या मास्तरची जागा पावसाळ्यात रिकामी होणार होती आणि डिपोटींचा खात्यात अजून शब्द चालत होता. त्यांना वाचून दाखवायला माणूस हवा आहे असं कळल्यावर मी सुट्टी लागली त्याच दिवशी जाऊन उभा राहिलो. मला वाचनाची आवड आहे असं मी त्यांना सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

रोज दुपारी दोनला जायचं, चारला उठायचं. डिपोटी झोपाळ्यावर, मी पाटावर भिंतीला टेकून, आणि आतल्या दारामागे आक्का. आक्का त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. परक्या पुरुषासमोर त्या येत नसत. दार अर्धं लोटलेलं असे, त्यातून आलवणाचा काठ आणि दोन हात दिसत. वर्षाची चिंच फोडायचं काम चाललेलं असे. बत्त्याचा आवाज एकसारखा टक टक येई आणि मजकुरात काही रंग भरला की थांबे. मला चार दिवसांत कळलं, बत्ता थांबला की पुस्तक चांगलं चाललंय.

आक्कांना वाचता येत नव्हतं. भावाने जन्मभर शाळा तपासल्या, मुलींची शाळा निघावी म्हणून ठिकठिकाणी भाषणं केली, पण घरातल्या बहिणीला बाराखडी शिकवावी हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझ्याशी त्या थेट बोलत नसत. काशीयात्रेचं ते पुस्तक चाललं असताना एकदा आतून आवाज आला, "अरे, त्यांना विचार, याची म्हातारी आई बरोबर निघाली होती ती कुठे राहिली? नाशकापासून तिचं नावच नाही."

डिपोटी पोट धरून हसले. "ऐकलंत मास्तर? ग्रंथकार आईला नाशकात विसरला आणि आमची आक्का तिला शोधतेय. तू ऐकतेस होय गं?"

"कानावर पडतं," आक्का म्हणाल्या. बत्ता पुन्हा सुरू झाला. मी मागची पानं चाळून पाहिली. आई खरोखरच नाशकात राहिली होती.

त्या उन्हाळ्यात अकरा पुस्तकं झाली. पहिली चारपाच मी नीट वाचली. मग ऊन वाढलं. दुपारी दोनला घराबाहेर पडावंसं वाटेना. गेलं तरी डोळा लागे. एकदा ज्योतिषाच्या पुस्तकात माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. मी तसाच पुढे गेलो. डिपोटींच्या काही लक्षात आलं नाही. म्हणजे, आलं. पुस्तक सुरू करण्याआधी ते शुद्धिपत्र माझ्याकडून वाचून घेत आणि दुरुस्त्या माझ्या हाताने पानोपान करवीत. त्या त्यांना पानांसकट पाठ असत आणि ते पाहुण्याची वाट बघावी तशी प्रत्येक दुरुस्तीची वाट बघत.

"मास्तर, त्र्याहत्तर पानावरची दुरुस्ती आली नाही अजून?"

"आली की," मी म्हणालो. "आपला जरा डोळा लागला होता."

"असेल," ते म्हणाले. "असेल. उष्मा फार आहे."

इतकं सोपं होतं ते. त्यानंतर मी चार, पाच, कधी दहा पानंही गाळू लागलो. कंटाळवाणी पानं गाळतो, त्यात त्यांचंही बरंच आहे, असं मनाशी म्हणायचो. दर वेळी दुरुस्ती चुकली की त्यांच्या झोपेवर ढकलायचं. शेवटी शेवटी ते विचारताना आधीच म्हणायचे, "मी झोपलो होतो का मास्तर?" ज्या माणसाने उसनी मुलं नुसत्या नजरेवरून ओळखली त्याला मी समोर बसून फसवत होतो, कारण मी इकडेतिकडे बघितलेलं त्याला दिसत नव्हतं.

अकरावं पुस्तक म्हणजे ही कादंबरी. बंदरातला एक मुलगा बापाशी भांडून गलबतावर चढून निघून जातो. बाप रोज संध्याकाळी धक्क्याच्या पायरीवर येऊन बसतो. एवढीच गोष्ट, पण पहिल्या तीनशे पानांत ती फार छान सांगितली होती. मी एकही पान गाळलं नाही. ठाकुर्लीहून ताडगोळे घेऊन येणारी एक बाई असे, ती टोपली उतरवून पायरीवर ऐकत बसायला लागली. उशिरा आली की विचारायची, "मंग त्या पोराचा काय झाला?" आणि आक्का दारामागून तिला आदल्या दिवसाचं सगळं सांगायच्या. डिपोटी खूश होते. म्हणाले, "मास्तर, बऱ्याच वर्षांनी पुस्तक भेटलं."

शेवटची साठ पानं उरली त्या दिवशी ठाण्याला एक नाटक मंडळी आली होती. मित्रांनी जागा धरली होती आणि चारच्या आत गाडी होती. उद्या वाचू म्हणता आलं असतं. पण उद्याही मला ठाण्यातच राहायचं होतं आणि परवा परत यायचा कंटाळा होता. मी पुढची पानं नजरेखालून घातली. मुलगा परत येतो, बाप चार दिवसांपूर्वीच गेलेला असतो, आणि मग पन्नास पानं पश्चात्ताप आणि उपदेश. मी पुस्तक तसंच उघडं धरलं आणि तोंडाने बोलू लागलो. गलबत धक्क्याला लागलं. म्हातारा पायरीवर बसला होता. मुलगा समोर जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" इथे ग्रंथ समाप्त झाला, असं म्हणून मी पुस्तक मिटलं.

बत्ता केव्हाच थांबला होता. डिपोटींनी डोक्यावरचा पंचा काढून डोळे पुसले.

"आणि शेवटची दुरुस्ती?" त्यांनी विचारलं. "तीनशे एकसष्ट पान?"

"आली ना," मी म्हणालो. "आपण डोळे पुसत होता तेव्हा."

मला गाडी मिळाली. नाटक कसं झालं ते आता आठवत नाही.

पुढचं काय होणार ते मला कळायला हवं होतं. पण मी त्या अकरा पुस्तकांना कामाचे दिवस समजत होतो आणि काम संपलं होतं. शिफारसपत्र झाड्याच्या दुसऱ्या दिवशी देतो असं डिपोटींनी सांगितलं होतं. झाड्याच्या रविवारी मीच त्यांचा हात धरून त्यांना लायब्ररीत नेलं. त्यांची पाळी शेवटी असे. दहा पुस्तकं त्यांनी दोनदोन वाक्यांत संपवली आणि अकराव्याला उभे राहिले. एरवी ते कधी उभं राहून बोलत नसत.

"आपल्या भाषेतल्या ग्रंथकारांना एक खोड आहे," ते म्हणाले. "गोष्ट संपली तरी उपदेश संपत नाही. या ग्रंथकाराला मात्र थांबता येतं. उपदेशाचं एक वाक्य नाही. बाप एवढंच विचारतो, जेवलास का. बस. तिथे ग्रंथ मिटला."

मागे कोणीतरी खुसखुसलं. ही कादंबरी गावात तिघाचौघांनी वाचली होती. त्यात वकील होते. ते उठले, कपाटातून प्रत काढून आणली आणि फार सौम्य आवाजात म्हणाले, "डिपोटीसाहेब, काही घोटाळा होतोय. यात बाप मरतो. आणि पुढे उपदेशाची पन्नास पानं आहेत. मी मोजून पाहिली आहेत."

त्यांनी ती पानं वाचायला सुरुवात केली. डिपोटी ऐकत उभे होते. मी त्यांच्या शेजारी होतो, हात लांब केला असता तर त्यांच्या कोपराला लागला असता. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर तिथेच सगळं निवळलं असतं. मी माझ्या पायांकडे बघत राहिलो. मला पहिल्या मास्तरची जागा दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

दीड पान झाल्यावर डिपोटींनी हात वर केला. "पुरे," म्हणाले. मग मागे वळून चाचपत आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, ती उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. खोलीत कोणी हसलं नाही. वकीलच पुढे झाले, "अहो डिपोटी, राहू द्या, वयोमानाने होतं असं," म्हणाले. डिपोटी म्हणाले, "नियमात वय लिहिलेलं नाही."

घरी जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही काय वाचलं होतं?"

"जे होतं तेच," मी म्हणालो.

"बाप मरतो?"

"मरतो."

ओटीवर आल्यावर झोपाळ्यावर न बसता उभ्यानेच त्यांनी सगळं आक्कांना सांगितलं, दाराकडे तोंड करून, जशी आपली चूक लहान मुलाने घरी सांगावी. आतून आक्का म्हणाल्या, "अरे, पण मीही तेच ऐकलं. म्हातारा जिवंत असतो. तो विचारतो, जेवलास का. मी त्या ताडगोळेवालीला तसंच सांगितलंय."

"तुला काय कळतं त्यातलं," डिपोटी म्हणाले. पण ते थांबले. माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "मास्तर?"

त्या आवाजात मी हो म्हणावं अशी आशा होती. आज इतक्या वर्षांनी मला ती स्पष्ट ऐकू येते. तेव्हाही आली होती. मी म्हणालो, "आक्कांची काहीतरी गल्लत झाली असेल. दारामागून नीट ऐकू येत नसेल."

दार हळूच लोटलं गेलं. आजवर ते अर्धं उघडं असे, ते पुरतं मिटलं.

दुसऱ्या दिवशी डिपोटींनी ती साठ पानं पुन्हा वाचायला लावली. मी एकूण एक अक्षर वाचलं, उपदेशासकट. तीनशे एकसष्ट पानावरची दुरुस्तीही वाचली. आतून बत्त्याचा आवाज आला नाही. वाचून झाल्यावर डिपोटी म्हणाले, "यातलं काहीच ऐकल्यासारखं वाटत नाही. पार गेलं की हो मास्तर." आणि पुठ्ठ्याच्या फटीत लिहून ठेवलेलं शिफारसपत्र माझ्या हातात दिलं. अक्षर एकाही ठिकाणी ओळीबाहेर गेलं नव्हतं. मी ते घेतलं.

मला ठाण्याची जागा मिळाली. डिपोटी त्यानंतर लायब्ररीत गेले नाहीत आणि कोणाला वाचायलाही बोलावलं नाही. आपल्या डोक्याचा भरवसा नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, त्यामुळे लोकही त्यांना विचारेनासे झाले. दोन वर्षांनी ते गेले. मी कळल्यावर आलो, तेव्हा दिवस होऊन गेले होते. ओटीवर आक्का बसल्या होत्या. माझ्यासमोर बाहेर बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. चेहरा भावासारखाच होता.

"मास्तर, ही त्याची वही लायब्ररीत द्यायची आहे," त्या म्हणाल्या. प्रथमच थेट माझ्याशी. "त्याआधी त्यात त्या पुस्तकाचं काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा."

मी पान काढलं. आधी लिहिलं होतं, 'ऐकलं. शेवट फार चांगला.' ते खोडून खाली लिहिलं होतं, 'शेवट असा नाही. माझ्या कानांचा भरवसा संपला. आक्काच्याही. यापुढे झाडा देणार नाही. मास्तरांनी मात्र चोख वाचलं.'

मला ते उच्चारता येईना. मी म्हणालो, "लिहिलंय, ऐकलं. शेवट फार चांगला. आक्कानेही ऐकला."

आक्का माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आता तरी आहे तसं वाचा."

मी वाचलं. शेवटच्या वाक्यापर्यंत. मग सगळंच सांगून टाकलं, नाटक, गाडी, जागा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही वाचता तेव्हा पान उलटल्याचा आवाज येतो. त्या दिवशी म्हातारा बोलला तेव्हा पान उलटलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं, हे पुस्तकातलं नाही. तरी गोड वाटलं. झाड्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला सांगायला गेले, तर म्हणाला, आता तू मास्तरांवरही आळ घेतेस का."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला ठाऊकच होतं मास्तर," त्या म्हणाल्या. "ठाऊक त्याला व्हायला हवं होतं."

आक्काही आता नाहीत. मी पेन्शन घेऊन पुन्हा कल्याणला आलो, लायब्ररीचा सभासद झालो. गेली सहा वर्षं मी झाड्याला उभा राहतो आणि दहादहा पुस्तकांवर बोलतो. लोक म्हणतात, हे डिपोटींच्या तालमीतले. मी ते ऐकून घेतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी ही एकच कादंबरी वाचली. आधी शुद्धिपत्र पाहिलं. सगळ्या दुरुस्त्या मीच त्या वर्षी केलेल्या होत्या, तीनशे एकसष्ट पानावरचीसुद्धा. रोज दुपारी दोन ते चार ओटीवर बसून मोठ्याने वाचली, एकही पान न गाळता. पहिली तीनशे पानं खरंच चांगली आहेत. शेवट वाईट आहे.

सेक्रेटरींना माझी विनंती अशी की हा कागद कपाटात ठेवण्याआधी रविवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. डिपोटींची खुर्ची खिडकीपाशी आजवर भिंतीकडे तोंड करून होती. नव्या सभासदांना कारण माहीत नाही, ते तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवतात. आज सकाळी मी गठ्ठे उतरवून ती सरळ केली. शेजारची माझी आहे, ती भिंतीकडे वळवली आहे. कृपा करून कोणी ती फिरवू नये.